सुतळीचं माप

नगर
१४ नोव्हेंबर १९४६

चि. नीलू,

तुझ्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर शिरसाष्टांग नमस्कार असतो आणि खाली मी विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नसतं. मला लोटांगण घालणारी भाची नको, उत्तरं देणारी हवी.

काल कापडबाजारात भांडून आले. माझ्या रेशनच्या कार्डावर कापड शिल्लक होतं, म्हटलं तुला झंपर शिवावा. दुकानदाराला लिंबाच्या रंगाचं पॉपलीन मागितलं. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चॉकलेटी तागा पुढे ओढला. "बाई, भरल्या अंगाला गडदच शोभतं. लिंबाचा रंग सडसडीत पोरींचा."

मी म्हटलं, "तुमचं पोट तुमच्या आधी गादीवर येऊन बसतं, आणि तुम्ही पांढरंशुभ्र धोतर नेसला आहात. तुम्हाला कुणी चॉकलेटी धोतर दाखवलं होतं का?"

शाळेतून निवृत्त झाले तरी माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. सगळ्या दुकानानं ऐकलं. कापड मिळालं.

कॉन्व्हेंटात आमच्या मदर जाड मुलींना खांद्यापासून घोट्यापर्यंत सरळ उतरणारा करडा झगा देत. कमरेला पट्टा फक्त बारीक मुलींना. जणू जाड मुलीला कमर नसतेच! मी शिवणाच्या तासाला माझ्या झग्याला चुण्या घातल्या आणि वर पट्टा लावला. आठवडाभर जेवणाच्या खोलीत उभं केलं मला. पट्टा काढला नाही. तेव्हापासून जाड बाईला कुणी पोतं नेसवायला निघालं की माझं डोकं फिरतं.

झंपर सोबत पाठवते आहे. तू गणपतीत मापाला म्हणून जे पोलकं पाठवलं होतंस, त्यावरच बेतला. ते पोलकं पाहून मात्र मला घोर लागला. एवढीशी झालीस? दोन वर्षांत तुला पाहिलं नाही. अकोल्याचं पाणी मानवत नाही का? माधवराव तुला खायला घालतात ना? झंपर कसा बसला ते कळव. 'छान' एवढंच लिहू नकोस.

दमूआत्या

---

अकोले
२५ नोव्हेंबर १९४६

ती. दमूआत्यास,

नमस्कार आखडता घेतला आहे, उत्तरं देते.

झंपर फार सुंदर झाला आहे. दंडावर, पाठीत, कुठे सुरकुती म्हणून नाही. रंग असा की अंगणात उभं राहिलं तरी रस्त्यावरून दिसतो. शाळेत सगळ्यांनी नावाजला. सोबतच्या शिक्षिका पुष्पावतीबाई तर विचारत होत्या, मुंबईहून आणला का.

पाणी चांगलं आहे. हे उत्तम खायला घालतात, स्वतः मात्र काटकीसारखे राहतात.

फेब्रुवारीत शाळेचं संमेलन आहे. माझ्या मुलींची लेझीम ठेवली आहे. मामलेदार येणार, तालुक्यातून पाहुणे येणार. मुली इतक्या तयार झाल्या आहेत, आत्या, की भिमाजीची हलगी वाजायला लागली की मलाच थांबवत नाही. त्या दिवशी पुढे उभं राहून हुकूम द्यायला मी पुष्पावतीबाईंना सांगितलं आहे. त्या सडपातळ आहेत, चारचौघांत उठून दिसतात. मी वर्गाच्या खिडकीत बसून शिट्टी वाजवीन. तिथून सगळ्या रांगा नीट दिसतात. सोयीचंच आहे.

आमच्या शाळेची शिपाईण दगडाबाई लेकीचे डोळे दाखवायला नगरच्या दवाखान्यात येते आहे. तिच्याबरोबर तांदूळ पाठवते. तिला चहा दे, ती बोलते फार, पण मनानं सोनं आहे.

नीलू

---

नगर
३ डिसेंबर १९४६

नीलू,

'चि.' मुद्दाम गाळला आहे.

दगडाबाई आली. तांदूळ मिळाले. तिच्यामागून तिची लेक चंद्री आत आली. वेळूच्या काठीसारखी पोर, आणि अंगात लिंबाच्या रंगाचा झंपर! माझ्या हातची टीप मी अंधारातही ओळखीन. तुझ्या पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं. सुरकुती नाही, रस्त्यावरून दिसतो, शाळेनं नावाजला. फक्त कुणाच्या अंगावर, तेवढं लिहायचं राहिलं.

मी विचारलं, "दगडाबाई, हा झंपर कुठला?"

"नीलाबाईंनीच दिला की. म्हनल्या, चंद्रीला हुतोय तर ऱ्हाऊ द्या तिला."

"आणि बाईंना?"

"त्यांच्या कोपराच्या वर जाईना. म्या वढला बी. मंग सुर्रकन् आवाज झाला, तवा सोडला. बगलंत पुन्यांदा टीप घातलीया म्या, हे बगा." आणि तिनं चंद्रीचा हात धरून वर केला. काळ्या दोऱ्याची टीप, नीलू! माझ्या झंपराला!

चंद्रीनं गिरकी घेऊन दाखवलं. गोड दिसते, तिचा राग नाही. चहा दिला, लाडू दिला.

मग मी लेझमीचं विचारलं. "खिडकीत बसायचं बाईंनीच ठरवलं ना?"

दगडाबाईनं बशी खाली ठेवली. "बाईंनी कशापायी ठरवावं? आप्पासायेब म्हनले. पाव्हन्यांम्होरं शाळंची शोभा दिसाया पायजेल, म्हनले. नीलाबाई म्होरं हुब्या ऱ्हायल्या तर मागल्या पोरी दिसायच्या न्हाईत. समदी हासली. बाई बी हासल्या. मंग पान्याच्या खोलीत जाऊन लई येळ बसल्या."

मला कळलं. तू मापाला पाठवलेलं पोलकं तुझ्या लग्नातलं आहे. आप्पासाहेब कोण हे मला माहीत नाही, शाळा-कमिटीचे अध्यक्ष असतील. मुलींना लेझीम त्यांनी शिकवली? ताल त्यांनी धरला? मग शोभा कुणाची ते ठरवणारे ते कोण!

उलट टपाली तुझं खरं माप पाठव. टेप घेऊन, आकड्यांत.

दमयंती

---

अकोले
१२ डिसेंबर १९४६

ती. आत्यास,

आकडे पाठवणार नाही. राग कर.

इथे छगन शिंपी माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणतो, म्हणजे विसरत नाही. त्याचं दुकान ऐन बाजारात. मागच्या वर्षी मी हिय्या करून गेले. त्यानं टेप लावली आणि माझ्या छातीचा आकडा म्हटला. समोरच्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकानं तो पुन्हा म्हटला. मग कढईपुढे बसलेल्या माणसानं म्हटला, भजी काढता काढता. महिनाभर मी त्या रस्त्यानं गेले नाही. तेव्हापासून मापाला लग्नातलं पोलकं देते, शिवून आलेलं ट्रंकेत ठेवते, आणि घरी शिवलेल्या ढगळ झंपरावर शाल घेऊन शाळेत जाते. उन्हाळ्यातही. लोकांना वाटतं मला थंडी बाधते.

तुला मी दुखवलं. झंपर अंगात जाईना तेव्हा आधी माझ्या मनात काय आलं, सांगू? तुझ्या कापडाचं नुकसान केलं मी, असं. जणू माझा दंडच चुकला होता.

आप्पासाहेब वाईट नाहीत. शाळेचं छप्पर त्यांनीच खटपट करून बदललं. ते हसत हसत बोलले, आणि मी हसले नसते तर ते सगळं खरं झालं असतं.

एक सांगते. लेझमीच्या तासाला आम्ही हॉलचं दार लावून घेतो. तेवढा वेळ शाल खुंटीवर असते. हलगी सुरू झाली की मी खाली वाकते, वर उठते, उडी मारून वळते, आणि मुली माझ्यामागे. दिवसातला तो तास माझा. दार उघडलं की शाल खांद्यावर.

नीलू

---

नगर
१८ डिसेंबर १९४६

चि. नीलू,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा कुणाला तरी छडी मारावीशी वाटली. तुला नव्हे.

आकडा नको ना? बरं. मला आकडा लागतच नाही. तो शिंप्याला लागतो, हॉटेलातल्या रिकामटेकड्यांना लागतो. मला तुझं अंग केवढं ते कळलं म्हणजे झालं. सुतळी घे. छातीभोवती घाल, जिथे टोकं भेटतील तिथे काप आणि एक गाठ मार. कमरेच्या सुतळीला दोन गाठी. दंडाच्या सुतळीला तीन. खांदा, पाठ, बाही, अशाच वाढत्या गाठी. कुठली गाठ कशाची ते कागदावर लिही आणि सगळं पाकिटात घालून पाठव. आकडा कुणी म्हणणार नाही, कारण तो कुणाला माहीतच नसेल. मीसुद्धा सुतळी सरळ कागदावर ठेवून कापीन. टेप हातात धरणार नाही, शब्द देते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शिंपी बाईला खांबासारखी उभी करून माप घेतात. खांबाला लेझीम खेळायची नसते. तू प्रत्येक माप दोनदा घे. एकदा हात खाली ठेवून, एकदा लेझीम डोक्यावर धरून. त्या दुसऱ्या सुतळ्यांना टोकाला लाल दोरा बांध. तुझ्या बगलेत झंपर का फाटतो ते मला त्यातून दिसेल. अंग मोठं म्हणून कापड फाटत नाही. हात वर जाणार आहे हे कापणाऱ्याच्या डोक्यात नसतं म्हणून फाटतं.

पोट आत ओढायचं नाही. दगडाबाईला मदतीला घे. काळ्या दोऱ्याबद्दल तिला माफ केलं आहे.

दमूआत्या

---

अकोले
२ जानेवारी १९४७

ती. आत्यास,

सुतळ्या पाठवते आहे. गंमत ऐक.

रविवारी हे कचेरीच्या कामानं राजूरला गेले होते. दार लावलं, दगडाबाईला बोलावलं. तिनं छातीभोवती सुतळी घातली आणि थांबली.

"बाई, श्वास सोडा."

"सोडलाय की."

"कुटं सोडलाय? गाल फुगल्यात तुमचं! पोट आत वढून माप दिलं तर झंपर बी जलमभर श्वास कोंडून बसंल."

मला हसू आलं आणि श्वास सुटला. तिनं झटकन सुतळी कापली. "आता खरं माप घावलं."

मग लेझीम डोक्यावर धरून उभी राहिले. दगडाबाई खालून, बाजूनं, पाठीमागून सुतळ्या घालत होती. लेझीम हातात आली आणि मला राहवेना. मी एक हात वळवला, तशी ती ओरडली, "आवं, हालू नगा! गाय धार देताना बी येवडी हालत न्हाई." पण मग तीच म्हणाली, "बाई, तुमी आशा हुब्या ऱ्हाता तवा देवीवानी दिसता. खिडकीत काय करनार तुमी?"

मी सुतळ्या पाटावर एकापुढे एक मांडून पाहिल्या. खरं सांगते, त्यात लाजण्यासारखं मला काही दिसेना. सुतळ्याच होत्या त्या.

खिडकीचं मात्र आता ठरून गेलं आहे. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली. पुढे पुष्पावतीबाईंचं नाव आहे.

नीलू

---

नगर
२२ जानेवारी १९४७

चि. नीलू,

पोस्टमननं पाकीट दाबून पाहिलं आणि विचारलं, आत गवत पाठवलंय का कुणी? मी म्हटलं, माझी भाची आहे.

आल्या आल्या तुझी एका गाठीची सुतळी मी माझ्याच छातीभोवती घालून पाहिली. टोकं भेटली नाहीत. चांगली चार बोटं उरली! म्हणजे माझ्याहून बारीक असलेली बाई शाल पांघरून खिडकीत बसणार, आणि मी भर बाजारात लिंबाच्या रंगासाठी भांडते! मला आधी भयंकर राग आला, मग आरशासमोर उभी राहून पोटभर हसले.

आता झंपराचं. लाल दोऱ्याच्या सुतळ्या साध्या सुतळ्यांशेजारी ठेवल्या. बगलेपासून कमरेपर्यंत हात वर गेल्यावर केवढी वाढ होते! ती जागा कापडात कुणी ठेवतच नाही. वर्तमानपत्राचे कागद कापून आधी कागदाचा झंपर केला, तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. छातीखाली टक घातले आहेत, म्हणजे तो तंबूसारखा लोंबणार नाही, अंगाबरोबर वळेल. गळा जरा रुंद, चौकोनी. तुझी मान सुंदर आहे, ती शालीत कुजवत ठेवू नकोस. बाह्या कोपराच्या वर, काठाला बारीक चुण्या.

कापड पुरेना. सरकारला वाटतं सगळ्या बायका एकाच साच्यातून निघतात; कार्डावर सगळ्यांना कापड सारखंच. या खेपेला लिंबाच्या रंगाचं मिळालं ते पुढच्या-मागच्या भागांत आणि बाह्यांत संपलं. दोन्ही कुशी रिकाम्या. मग निरोपाच्या समारंभात शाळेनं मला दिलेलं गर्द हिरवं रेशमी पातळ काढलं. भाषणात मला 'मातृतुल्य' म्हटलं होतं. अशा पातळाला कात्री लावायला मागेपुढे पाहावं लागत नाही. दोन्ही कुशींना हिरव्या पट्ट्या, आणि बगलेत तिरका बसवलेला हिरवा चौकोन. हात खाली असताना तो मिटलेला असतो, वर गेला की उघडतो.

हा जोड लपवता आला असता, त्याच रंगाचं कापड कुठून तरी मिळवून. मी लपवला नाही. जास्त कापड लागलं, ते लागलं. दिसू दे.

काठाचं पांढरं नऊवारी नेस, पदर घट्ट खोच. पुढे उभं राहायचं की खिडकीत, ते मी सांगणार नाही. मुली तुझ्या आहेत. झंपर दोन्हीकडे बसेल, पण खिडकीत त्याला काम नाही.

दमूआत्या

---

अकोले
१० फेब्रुवारी १९४७

ती. आत्यास,

काल संमेलन झालं. पहिल्यापासून लिहिते.

झंपर मी आदल्या दिवशी घालून पाहिला. एका दमात अंगात गेला. मी हात वर केले, वाकले, वळले. कुठेच धरेना. हे दारात उभे होते. म्हणाले, "आजवर तुझे हात कापडात कोंडले होते की काय?" मग चहाही त्यांनीच केला.

संमेलनाला शाल न घेता गेले. मैदानापर्यंत वाटेत चारचौघांनी वळून पाहिलं. पाहोत म्हटलं.

पुष्पावतीबाई रांगांपुढे उभ्या होत्या, घामानं डबडबलेल्या. मला पाहून कुजबुजल्या, "बाई, मला चौथ्या फेरीनंतरचं काहीच आठवत नाही हो. आप्पासाहेबांना नाही म्हणता आलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही शिट्टी घ्या. खिडकीतून सगळ्या रांगा छान दिसतात." त्या धावतच गेल्या.

मी पुढे जाऊन उभी राहिले. आप्पासाहेब मामलेदारांशेजारच्या खुर्चीतून उठले. "नीलाबाई, आपलं तर असं ठरलं होतं..."

मी म्हटलं, "आप्पासाहेब, बसून घ्या. तुम्ही उभे राहिलात की मागच्या बायकांना मुली दिसत नाहीत."

मागे सतरंजीवर बसलेल्या बायकांत एकदम हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "बसा की वो!" मामलेदारांनी मिशीवर हात ठेवला. आप्पासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, स्वतःच हसले आणि बसले.

भिमाजीनं हलगीवर काठी टाकली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. लेझमी एकदम खळाळल्या, धूळ उडाली. मुली माझ्याकडे पाहत होत्या आणि मी त्यांच्याकडे. बसून खेळायची फेरी झाली, उडीची झाली, शेवटची गोल फेरी इतकी जलद गेली की भिमाजी घामाघूम झाला. लोक टाळ्या थांबवीनात, म्हणून ती पुन्हा केली. सगळं संपून पाणी प्यायला गेले तेव्हा दगडाबाई धावत आली. "बाई, हात वर गेला की हिरवं चमकत हुतं! पोपट उडाल्यावानी!" आणि तेव्हा मला आठवलं की माझ्या अंगात तुझा झंपर आहे. मैदानात उतरल्यापासून त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. दंडाची नाही, पोटाची नाही, कशाचीच नाही.

आज सकाळी झुंबरबाई आल्या, आप्पासाहेबांच्या पत्नी. त्या आपल्या दोघींहून भारी. मला वाटलं भांडायला आल्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "बाई, आमच्यासारख्या बायकांना ही लेझीम शिकवाल का? ह्यांना कळवायची गरज नाही."

मी म्हटलं, "शिकवीन, पण दार उघडं ठेवून."

त्यांनी स्वतःच उठून दाराची कडी काढली आणि म्हणाल्या, "असू द्या उघडं. पण आधी असला झंपर पाहिजे."

तेवीस तारखेच्या रविवारपासून सुरू. सहा-सातजणी येतील. सगळ्यांनी झंपराचं विचारलं आहे, आणि मला टकसुद्धा घालता येत नाही. काय करू?

नीलू

---

नगर
१४ फेब्रुवारी १९४७

चि. नीलू,

कागदाचे तीन झंपर कापले. निवृत्तीचं पातळ फाडलं. डोळ्यांत तेल घालून टीप मारली. आणि तू तो झंपर विसरलीस! कुणी विचारलं तर सांगेन, माझ्या शिवणाचा असा अपमान आजवर झाला नव्हता. तुझं पत्र मात्र उशीखाली ठेवलं आहे, आणि शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. ती कंटाळली.

काय करू म्हणून विचारतेस. तुला टक येत नाहीत हे मला कॉन्व्हेंटच्या काळापासून... नाही, तेव्हा तू जन्मली नव्हतीस, पण आलेच नसते. मी येते आहे. हातमशीन पोत्यात बांधलं. पुढच्या शनिवारच्या मोटारीनं निघते. मशीन मांडीवर घेऊन बसले तर दोन माणसांची जागा लागेल. मोटारवाला कुरकुरला तर दोन तिकिटं घेणार नाही, त्याच्या सदऱ्याच्या शिवणी कशा उसवल्या आहेत ते सगळ्या मोटारीला ऐकवीन.

झुंबरबाईंना सांग, चॉकलेटी कापड आणलं तर मी कात्री काढणार नाही. बाकी कुठलाही रंग आणोत. अंजिरी, पोपटी, डाळिंबी. जमेल तेवढा भडक.

आणि रविवारसाठी एक लेझीम जास्तीची आणून ठेव. मला लवकर दम लागतो, गुडघाही बोलतो, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या मागे पडेन ते आत्ताच सांगून ठेवते. पण मला मागच्या रांगेत उभी केलीस तर त्याच मोटारीनं परत जाईन.

दमूआत्या